दहा मिनिटे चौदा सेकंदांचा धवला

१९८९ सालच्या वैशाखात भिसेगावातील गोमा भोईर यांच्या मांडवात एकाच दिवशी दोनदा लग्न लागले. पहिले दहा मिनिटे चौदा सेकंदांत आटोपले. दुसऱ्याला दोन तास पस्तीस मिनिटे लागली. दोन्ही वेळा घड्याळ माझ्या हातात होते, तेव्हा या आकड्यांबद्दल कोणी वाद घालू नये. वाद घालायचाच असेल तर पहिले लग्न नेमके कोणाचे लागले यावर घालावा. भिसेगावात तो अजून घालतात.

गोमांच्या घरात भातशेती गोमा करतात आणि निर्णय त्यांच्या पत्नी सोनाबाई करतात. गोमांचा धाकटा भाऊ सहदेव हा कर्जतच्या शाळेत माझ्या हाताखाली विज्ञान शिकला होता, हे मी नाकारीत नाही. तो पाच वर्षे बहारीनला वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीवर होता. तिथून येताना लोक टेपरेकॉर्डर आणतात; याने संगणक आणला. कळफलकाच्याच पोटात सगळे यंत्र, आणि पडद्याऐवजी घरचा टीव्ही जोडायचा. सोबत एक फ्लॉपी होती. ती एका डच सहकाऱ्याने भेट दिली होती, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी फ्लॉपीवरून उतरवून दिली होती.

त्या फ्लॉपीवरील प्रोग्रामने संगीत रचता येत असे. ‘रचता’ हा शब्द मी जपून वापरतो. पडद्यावर चार उभे रकाने आणि प्रत्येकात चौसष्ट ओळी दिसत. कोणत्या ओळीवर कोणता आवाज कोणत्या पट्टीत वाजायचा, हे आकड्यांनी भरायचे. मग एक कळ दाबली की ओळी सरकू लागत आणि आवाज आपापल्या जागी वाजत. आवाज कोणताही चालत असे: ढोल, शिट्टी, दाराची कडी. मायक्रोफोनमधून सेकंदभराचा तुकडा घ्यायचा, त्याला क्रमांक द्यायचा आणि तो पाहिजे तिथे, पाहिजे तितक्यांदा मांडायचा. असे तुकडे जास्तीत जास्त एकतीस, आणि सर्वांची मिळून लांबी तीस सेकंदांच्या आसपास. त्याहून अधिक त्या यंत्राच्या स्मृतीत मावत नसे. गावातील काही कारभाऱ्यांच्या स्मृतीशी तुलना करता हे कमी नव्हते.

सहदेवने दारावर ‘सहदेव साउंड सर्व्हिस – संगणकीय संगीत’ अशी पाटी लावली. त्याची पहिली रचना घरच्या म्हशीच्या एका हंबरण्यावर आधारलेली होती; तेच हंबरणे त्याने चार पट्ट्यांत बसवले होते. ती ऐकल्यापासून म्हैस दोन दिवस आटली, असे सोनाबाईंचे म्हणणे होते. एका म्हशीच्या दोन दिवसांच्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असे मी त्यांना समजावले. त्यावर त्यांनी मला चहा बिनदुधाचा दिला.

गोमांची मुलगी हिरू तेव्हा बावीस वर्षांची होती. तिची एक सोयरीक साखरपुड्यानंतर मोडली होती. दोष समोरच्यांचा होता, पण बोलणी हिला ऐकावी लागली होती. एकदा मोडलेले लोक विसरतात. दुसऱ्यांदा, तेही भर मांडवातून वऱ्हाड परत गेले, तर ते विसरत नाहीत, आणि त्या घरी पुन्हा कोणी मुलगी बघायला येत नाही. या नियमामागे कोणतेही शास्त्र नाही, तरी तो गुरुत्वाकर्षणाइतका नेमाने लागू पडतो.

नवा मुलगा शुक्रा खालापूर तालुक्यातला. खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरीला. कारखान्याने त्याला चार दिवसांची रजा दिली होती आणि त्या चार दिवसांत पंचांगाने एकाच दिवसाचा मुहूर्त दिला होता. दोन्ही संस्था फेरविचाराला तयार नव्हत्या. शुक्राची आजी येसूबाई हिची अट मात्र त्या दोघींहून कडक निघाली. “धवलारीन नसंल तं आमी मांडवात पाय ठेवनार नाय.”

धवलारीण म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, असे बाहेरच्यांना वाटते. तसे नाही. या घरांत लग्न लावते तीच. ती धवला गाते आणि ती गाईल ते ते मांडवात घडते: तिने हळद म्हटली की हळद लागते, मामाला बोलावले की मामा नवरीला आणतो, आणि शेवटी ‘लगीन लागलं’ ही ओळ तिच्या तोंडून आली की लागते. भटजी असलेच तर पंगतीला असतात.

कर्जत ते नेरळ या पट्ट्यात अशी बाई एकच उरली होती: भिसेगावच्याच मोतीबाई. आणि त्यांनी त्या मुहूर्ताचा शब्द नेरळच्या एका घराला फाल्गुनातच देऊन ठेवला होता.

सोनाबाई ओटीवर डोके धरून बसल्या. गोमा त्यांच्याकडे पाहून तसेच बसले. तेव्हा सहदेव म्हणाला, “वयनी, मोतीआजी नाय तं नाय. तिचा आवाज आनतो.”

“आवाज काय पिशवीत घालून आनतोस?”

“मशीनमदी घालून.”

“त्या मशीनीत आमची म्हस हाय ना रं अजून?”

“ती पुसली.”

हा विचार मला निर्दोष वाटला, हे मला नोंदवलेच पाहिजे. बाई एका ठिकाणी असू शकते. आवाजाला ते बंधन नाही. शिवाय सगळ्या पट्ट्यात एका मुहूर्तावर अकरा लग्ने आणि एकच धवलारीण, ही अडचण केवळ वाहतुकीची होती. ती तंत्राने सुटायलाच हवी होती.

चैत्रातल्या एका दुपारी आम्ही मोतीबाईंकडे गेलो. वय सत्तरीच्या आसपास, अंगाने काटकुळ्या, नजर समोरच्याच्या आरपार जाणारी. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. सहदेवने मायक्रोफोन सुपाशेजारी ठेवला आणि म्हणाला, “आजी, एकदा सगला धवला म्हना. मी भरून घेतो.”

“कुनाचं लगीन हाय?”

“आपल्या हिरूचं. वैशाखात.”

“मंग आता चैत्रात कसा म्हनू? नवरा नाय, नवरी नाय, मांडव नाय. उगाच धवला म्हनून हितं कुनाचं लगीन लावू? ह्या सुपाचं नि त्या खुंटीचं?”

मी त्यांना समजावून सांगितले की यंत्राला अखंड गाण्याची गरजच नाही. त्याला सुटे शब्द पुरतात. मोतीबाईंनी माझ्याकडे, शाळेत मी ढ मुलांकडे पाहतो तसे पाहिले. मग म्हणाल्या, “सुटं शब्द घ्या की. ते काय बाजारात पन मिलतात.”

आणि एकेक शब्द त्यांनी सुरात सांगितला. मामा. ये रं. आन रं. हळद. पाटावं. नवरी. बसली. हिरू. शुक्रा. असे एकतीस. सहदेव प्रत्येकाची दोन्ही टोके कापून क्रमांक देत होता. एकतिसावा झाल्यावर मोतीबाईंनी विचारले, “आनि थांबायचं कशात भरलंस?”

“थांबायला काय लागत नाय, आजी. रिकामी ओल सोडली की झालं.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

मांडणीचे गणित माझ्याकडे आले. दहिवलीच्या एका लग्नात मोतीबाई गात असताना मी घड्याळ लावून बसलो. धवला दोन तास पन्नास मिनिटे चालला. त्यात नवा मजकूर सुमारे दहा मिनिटांचा होता. उरलेला वेळ बाई एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत, मध्येच थांबत, पाणी पीत, कोणाला तरी टोमणा मारत आणि पुन्हा तीच ओळ धरत. हा उरलेला भाग म्हणजे निव्वळ पुनरुक्ती. मी ती वजा केली. वजाबाकी तीनदा तपासली. ती बरोबर होती आणि आजही बरोबर आहे. प्रोग्रामच्या हिशेबात चौसष्ट ओळींचे एक पान पंधरा सेकंद छत्तीस शतांशांचे, आणि आमचा धवला चाळीस पानांचा झाला: दहा मिनिटे चौदा सेकंद.

चाचणीत एक-दोन दोष दिसले. पट्टी चढवली की मोतीबाई सहा वर्षांच्या होत आणि उतरवली की त्यांना मिशा फुटत. म्हणून पट्टी एकच ठेवली. सोनाबाईंनी पूर्ण धवला ऐकला आणि म्हणाल्या, “आवाज तिचाच हाय गं बाई. पन कुनी पाठी लागल्यावानी म्हनतेय.”

“वयनी, तिला अजून लई लग्नं लावायची हायत,” सहदेव म्हणाला. हे उत्तर आम्हा दोघांनाही तेव्हा पटले.

लग्नाच्या दिवशी वीज गेली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे या हकिगतीच्या ज्या आवृत्त्या निघाल्या त्यांत सगळा दोष विजेवर टाकलेला आहे. विद्युतदाब उत्तम होता. यंत्र ठणठणीत होते. त्याला जे सांगितले होते ते त्याने अक्षरशः केले, आणि एवढ्या माणसांच्या मांडवात असे करणारे ते एकटेच होते.

मांडवाच्या एका कोपऱ्यात टीव्ही आणि संगणक, दोन टोकांना दोन कर्णे. त्या यंत्राची रचना अशी की चार रकान्यांपैकी दोघांचा आवाज डाव्या कर्ण्यातून आणि दोघांचा उजव्यातून निघे. मोतीबाईंचे शब्द एकमेकांना कापू नयेत म्हणून सहदेवने ते आळीपाळीने दोन्हीकडे वाटले होते. परिणामी दोन्ही बाजू कानाला सारख्या पोचतील अशी जागा मांडवात एकच होती, आणि भूमितीने ती नेमकी वधूच्या पाटावर पाडली होती.

अकरा वाजून अडतीस मिनिटांनी सहदेवने कळ दाबली. मोतीबाईंचा आवाज कर्ण्यांतून निघताच बायकांच्या घोळक्यातून “अगं बाय!” असा एकच उद्गार आला. येसूबाई या ठेंगण्या, ताठ बाईने डाव्या कर्ण्याला हात जोडले, मग न्याय म्हणून उजव्यालाही जोडले. देवांना आवतण गेले. गोमांचे डोळे भरून आले. दुसऱ्या मिनिटाला सहदेवच्या कानाला डावी बाजू जरा जड वाटली. खात्री करून घेण्यासाठी तो जाऊन वधूच्या रिकाम्या पाटावर बसला आणि त्याने डोळे मिटले. समोरच्या पाटावर शुक्रा मुंडावळ्या बांधून बसला होता. तो सरळ माणूस. त्याला वाटले, हाही काही विधी असेल.

धवल्यात हळद आली. बायका वाट्या घेऊन उठल्या, पहिलीचा हात नवऱ्याच्या गालापर्यंत पोचतो न पोचतो तोच हळद संपून धवला पुढे गेला. दुसऱ्या बाईने घाईत हळद त्याच्या सदऱ्याला लावली. तिसरी “थांब की गं मोतीबाय!” असे कर्ण्यावर ओरडली. मोतीबाय थांबली नाही.

मग मामाची ओळ आली. मामा ये रं, नवरी आन रं. हिरूचा मामा पोशा त्या वेळी मांडवामागे फेटा बांधून घेत होता. फेटा साडेचार वारांचा, आणि बांधणाऱ्याचे हे पहिलेच वर्ष. खऱ्या मोतीबाई अशा वेळी काय करतात हे मी दहिवलीला पाहिले होते, नव्हे, मोजले होते. त्या मामाला हाका मारत राहतात, मध्ये त्याच्या फेट्याचा, चालीचा, त्याच्या बायकोचा उद्धार करतात आणि तो येईपर्यंत ओळ सोडत नाहीत. हाच भाग मी वजा केला होता. आमच्या धवल्यात मामाला तीनदा बोलावण्याची तरतूद होती. तीनदा बोलावले गेले. मामा न आल्याची नोंद घेण्यास यंत्राला रकाना नव्हता.

“आलो, आलो!” मामा फेट्याचे टोक दातात धरून मांडवामागून ओरडला.

नवरी आली, कर्णे म्हणाले. हिरू घरात होती. नवरी पाटावं बसली. पाटावर सहदेव होता आणि डाव्या बाजूचा विचार करत होता. अंतरपाट धरला. तो गड्याच्या खांद्यावर घडी घातलेला होता. अंतरपाट काढला. लगीन लागलं.

बाहेर बँडवाले उभे होते. त्यांचा म्होरक्या धोंडी वीस वर्षे या गावात वाजवतो. मांडवात डोकावायची त्याला कधी गरज पडलेली नाही, कारण ती ओळ ऐकली की वाजवायचे, एवढाच त्याचा करार. त्याने वाजवले. बँड ऐकून कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. फटाके ऐकून आचाऱ्याने पहिल्या पंगतीची पाने मांडायला सांगितली. अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे आणि चौदा सेकंद झाले होते.

सहदेवने डोळे उघडले. “डावी बाजू बरोबर हाय,” तो म्हणाला.

मग शुक्राचा काका लडकू (बोलण्यासाठीच आलेला असा एक प्रत्येक वऱ्हाडात असतोच) म्हणाला, “सून उंच हाय. शेतावं कामाला बरी.”

“काका, गप बसा ओ,” शुक्रा मुंडावळ्यांतून म्हणाला.

“अरं उठ तिथनं!” गोमा भावावर ओरडले.

“उठवू नका, गोमाशेट,” लडकू म्हणाला. “लगीन लागल्या लागल्या नवऱ्याला सोडून गेली म्हनतील.”

हसण्याचा लोट उठला, पण तो येसूबाईंपाशी येऊन थांबला. त्या हसत नव्हत्या. सहदेवने धावत जाऊन टीव्हीवर पहिले पान आणले आणि सांगितले, “काय चिंता नाय, येसूआजी. शून्यावं आनलंय. पुन्ना पयल्यापासून लावतो.”

“पुन्ना कसं लावशील रं? एका मांडवात एका नवऱ्याची दोन लग्नं? लागलं ते लागलं.”

“आजी, ते मशीनीनं म्हनलंय.”

“मशीनीतनं येऊ दे, नाय तं कपाटातनं येऊ दे. आवाज मोतीबाईचा हाय. मीच हात जोडलं. आता तो खोटा कसा म्हनू?”

त्यांचा तर्क, त्यांनी मान्य केलेल्या गृहीतकांवर, निर्दोष होता. म्हणून मी गृहीतकाकडे वळलो. मी त्यांना सांगितले की आवाज म्हणजे हवेतील कंपने. आमच्या यंत्राने त्या कंपनांचे सेकंदाला आठ हजार वेळा माप घेतले, ती मापे आकड्यांत ठेवली आणि त्या आकड्यांनुसार पुन्हा हवा हलवली. थोडक्यात, इथे फक्त हवा हलली आहे. हवा हलल्याने कोणाचे लग्न लागत नाही. येसूबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “तुमचं लगीन कशानं लागलं वतं?”

माझ्या लग्नात भटजी होते आणि मंगलाष्टके होती. म्हणजे तिथेही हवाच हलली होती.

वऱ्हाडातले वडीलधारे बाजूला जाऊन बोलू लागले. टेंपोच्या चालकाला हाक गेली. दारात हिरू उभी होती. बाशिंग बांधलेले, हात मेंदीचे, आणि नजर समोरच्या टेंपोवर, ज्याचे मागचे फळकूट कोणीतरी खाली पाडत होते. ही मुलगी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसे आणि विचारल्याखेरीज बोलत नसे. ती येसूबाईंना म्हणाली, “आजी, सहदेवकाकाला सासरी न्या. त्याला सैपाक येतो. पन एक सांगा. लगीन लागलं का नाय, ते ठरवनार कोन?”

“मोतीबाई. दुसरं कोन?”

“मंग तिला इचारल्याबिगर टेंपोत बसू नका.”

इतक्या माणसांत हा प्रश्न फक्त तिला सुचला होता. सव्वाबाराला तोच टेंपो नेरळला गेला. मधल्या वेळात पहिली पंगत जेवली, कारण पाने मांडली होती. वऱ्हाड जेवले नाही. शुक्राने पाट सोडला नाही. कोणी पाणी दिले तर पीत होता आणि दाराकडे पाहत होता. सहदेव संगणकाशेजारी बसून दोन्ही कर्ण्यांच्या तारा उगाच घट्ट करत होता. मी घड्याळ पाहत होतो, कारण मला तेवढेच येते.

एक पस्तीसला टेंपो आला. मोतीबाई चालकाशेजारून उतरल्या. आदल्या दिवसापासून नेरळला हळदीपासून लग्न लागेपर्यंत सगळे त्यांनी एकटीने गायले होते. त्यांनी तोंड उघडले आणि त्यातून घशात काटा अडकावा तशी खरखर निघाली. आवाज संपला होता. अवघ्या रायगड जिल्ह्यात त्या क्षणी मोतीबाईंचा आवाज फक्त सहदेवच्या यंत्रात होता.

येसूबाईंनी सगळे सांगितले. मोतीबाईंनी मधे कुठेही तोंड घातले नाही, कारण घालता येत नव्हते. मग त्या गोमांच्या पुतणीच्या, गौराच्या, कानाशी लागल्या आणि ती मोठ्याने सांगू लागली.

“मोतीआजी इचारते, आवाज माजा व्हता?”

“व्हता,” येसूबाई म्हणाल्या.

“मी व्हते?”

“तू नेरलला.”

“मंग बघितलं कुनी? मामा आला का नाय, नवरी बसली का नाय, हे बघून मंग पुढची ओल म्हनायची, हे माजं काम. मी बघितलं नाय तं लगीन कसं लागलं? आवाज काय, आंधल्यालाबी असतो.”

येसूबाईंनी उठून डाव्या कर्ण्यावर बोटाने टिचकी मारून पाहिली. चूक कबूल करणारी माणसे मी विज्ञानपरिषदांतही फारशी पाहिलेली नाहीत. “म्हंजी मी डब्याला हात जोडलं,” त्या म्हणाल्या.

“जोडलं तं जोडलं,” लडकू म्हणाला. “डब्यानं आशीर्वाद दिला नाय, एवढंच.”

येसूबाईंनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने त्या दिवशी पुन्हा तोंड उघडले नाही. वऱ्हाडाला लग्न नव्याने हवे होते. पण ते गाणाऱ्या बाईला आवाज नव्हता. सोनाबाईंनी गरम पाणी आणले, कोणी हळद-दूध आणले, कोणी खडीसाखर. मोतीबाईंनी सगळे बाजूला सारले आणि सहदेवच्या शेजारी जमिनीवर बसकण मारली.

गौरा म्हणाली, “काका, ती इचारते, ह्याला थांबता येतं का?”

“येतं. पन थांबलं की गानं बंद पडतं.”

मोतीबाईंनी हातानेच सांगितले: पडू दे.

त्या प्रोग्राममध्ये रकाने न चालवता, क्रमांक निवडून कळ दाबली की तेवढाच तुकडा वाजत असे. मांडणीआधी तुकडा तपासून पाहण्यासाठी ही सोय होती; तिला सहदेवने किंवा मी कधी संगीत मानले नव्हते. आता मोतीबाई मांडवाकडे पाहत आणि गौरा त्यांचा शब्द सांगे, सहदेव क्रमांक टाकून कळ दाबे. बोट अधीर झाले की मोतीबाई त्याच्या मनगटावर चापट मारत. मी मोजली; पहिल्या अर्ध्या तासात चौदा बसल्या, शेवटच्या अर्ध्या तासात एकही नाही.

हळद या शब्दावर त्या बावीस मिनिटे थांबल्या. वऱ्हाडातली प्रत्येक बाई हळद लावून बाजूला होईपर्यंत कर्णे तेवढेच म्हणत राहिले. मामा हा शब्द सव्वीस वेळा वाजला. पोशामामाचा फेटा तोवर सुटून पुन्हा बांधायला घेतला होता. त्याचा उद्धार एकतीस तुकड्यांत नव्हता, म्हणून मोतीबाई तो गौराच्या कानात सांगत आणि गौरा लाजत लाजत अर्धाच मोठ्याने सांगे. बाकीचा अर्धा बायका स्वतःच पुरा करत. मामा हिरूला घेऊन आला तेव्हा मांडव हसून दमला होता. माझ्या वजाबाकीत गेलेली मिनिटे एकेक करून परत येत होती, आणि मला ती दिसत होती.

हिरू पाटावर बसली. अंतरपाट या वेळी खरोखर धरला गेला. मोतीबाई उठल्या, दोघांच्या मधोमध उभ्या राहिल्या, हिरूचे बाशिंग सरळ केले, शुक्राचा चेहरा न्याहाळला, आणि पोशामामाकडेही एकदा पाहून घेतले. मग मागे न वळता हात वर केला. सहदेवने शेवटची कळ दाबली. चार वाजून पंचवीस मिनिटे.

लगीन लागलं.

धोंडीने वाजवले नाही. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा पुरावा मागतो. तो आपले वाद्य बगलेत धरून मांडवात आला, मोतीबाईंसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “आजी, तुमी सांगा.” त्यांनी मान डोलावली. तेव्हा कुठे बँड वाजला.

जेवताना मी पानाशेजारच्या रिकाम्या जागेवर बोटाने हिशेब केला. पूर्वी एका लग्नाला एक मोतीबाई लागत. आता एक मोतीबाई, एक सहदेव, एक गौरा, एक संगणक, एक टीव्ही आणि दोन कर्णे लागले. म्हणजे यंत्राने सहा श्रम वाढवून एक घसा वाचवला. सहदेवला मात्र त्याच पंगतीत पुढच्या दोन मुहूर्तांची आवतणे आली. अट एकच होती: मोतीबाई शेजारी बसलेल्या हव्यात. श्रम वाचवणारी यंत्रे मी बरीच पाहिली आहेत. श्रमांना शेजारी बसवून घेणारे हे पहिलेच.

टेंपो निघण्याआधी हिरू पाया पडत निघाली. आई, बाप, मामा, मोतीबाई. मग ती सहदेवसमोर आली आणि वाकली. सहदेवचा चेहरा दुपारपासून उतरलेला होता. तो म्हणाला, “माज्या नको पडू गं, हिरू. आज तुजं लगीन मीच मोडलं असतं.”

“पडायला पायजे,” ती म्हणाली. “तुमचं आदी लागलंय. तुमी थोरली.”

शुक्रा पहिल्यांदा मोठ्याने हसला. येसूबाईंनी पदर तोंडाला लावला. सहदेवने पाटाजवळचा नारळ उचलून हिरूच्या ओटीत घातला आणि तो आत वळला.